सकवारची हाक

त्या सकाळी भिवरा पाठ फिरवायला बाहेर आली नाही.

खरं तर एवढीच गोष्ट. दुसऱ्या कुणाच्या ती लक्षातही आली नसती. पण सात वर्षं रोज सकाळी, उन्हं डोंगरावरून खाली उतरायच्या वेळी, घळीच्या अलीकडच्या माळावरून सकवार हाक मारायची, "आक्काऽऽ, उठलीस का गं?" आणि घळीच्या पलीकडच्या माळावर भिवरा खोपटातून बाहेर यायची, पदर सारखा करायची, आणि सावकाश, मुद्दाम, सगळ्या डोंगराला दिसेल अशी पाठ फिरवायची. ओ द्यायची नाही. दोघींमध्ये बोलणं म्हणायचं तर तेवढंच होतं. असं म्हणतात, की सकवारला त्या पाठीचीसुद्धा सवय झाली होती. पाठ दिसली की तिचा दिवस सुरू व्हायचा.

त्या सकाळी हाक गेली, आणि पाठ आली नाही.

फार वर्षांपूर्वीची ही हकिकत. किती, ते उंबरदऱ्यात कुणालाच नीट सांगता येत नाही. कुणी म्हणतं घाटात रस्ता व्हायच्या आधीची. कुणी म्हणतं रस्ता कसला, तेव्हा वाटही नव्हती, बैलांच्या खुरांनी पाडलेली एक रेघ होती. एवढं मात्र सगळे सांगतात, की डोंगरावर ऐन आणि धावडा इतका दाट होता की भर दुपारी जंगलात शिरलेल्या माणसाला स्वतःची सावली सापडत नसे. आणि त्या डोंगराच्या कुशीत लोणाऱ्यांची घरं होती. चुना भाजायचा आणि कोळसा पाडायचा, हा त्यांचा धंदा.

आता कोळसा म्हणजे काय, असं आपल्याला कुणी विचारलं तर आपण पटकन म्हणू, जळून काळं झालेलं लाकूड. लोणाऱ्याला हे ऐकून हसू येतं. जळलं की राख होते, तो म्हणतो. कोळसा म्हणजे जळता जळता थांबवलेलं लाकूड. आणि थांबवणं हीच सगळी कारागिरी. ओंडके उभे रचायचे, मधे हात शिरेल एवढी पोकळी ठेवायची, वरून पालापाचोळा, त्यावर ओली माती थापायची. बघणाऱ्याला वाटावं, डोंगरावर आणखी एक छोटा डोंगर येऊन बसलाय. मधल्या पोकळीतून विस्तव आत सोडायचा, तोंड बंद करायचं, आणि बुडाशी ठेवलेल्या भोकांवर नजर लावून बसायचं. आधी पांढरा दाट धूर येतो, ते लाकडातलं पाणी. मग पिवळट, डोळ्यांना झोंबणारा. आणि मग कधीतरी धूर पातळ होतो, निळा होतो, आहे की नाही असा. ती वेळ ओळखायची आणि सगळी भोकं मातीनं बुजवायची. आधी बुजवली तर लाकूड कच्चं. उशीर झाला तर राख. आणि बुजवल्यावर भट्टी पुरती गार होईपर्यंत उघडायची नाही, कारण आतला विस्तव मेल्यासारखा पडून असतो, मेलेला नसतो.

एवढं करून जो काळा खडा हाती येतो, तो कुठे कुठे जातो बघा. लोहाराच्या भात्यापुढे जातो, सोनाराच्या शेगडीत जातो, परटाच्या इस्त्रीच्या पोटात जाऊन बसतो. त्याची पूड करून दात घासतात. पाण्याला वास यायला लागला तर वाळूखाली कोळशाचा थर देऊन पाणी गाळतात. निखाऱ्यावर हिंग टाकून लोणच्याच्या बरणीला धुरी देतात. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात, दार मात्र उघडं ठेवून. पोरं त्यानं भिंतीवर घोडे काढतात आणि मार खातात. भाकरी जरा करपली की सासू म्हणते, "कोळसा केलास गं!" आणि तिला हेही माहीत असतं, की खरा कोळसा करणं भाकरीपेक्षा फार अवघड आहे.

तर सकवार आणि भिवरा या लोणाऱ्यांच्याच घरातल्या. सख्ख्या जावा. भिवरा थोरली, सकवार धाकटी. एकीचं नाव निघालं की दुसरीचं मागोमाग यायचंच. दोघींची भट्टी एक, खोपट एक, तंबाखूची चंची एक. सकवार नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला धुराचे रंग भिवरानंच शिकवले होते. "रंग डोळ्यानं बघू नगंस," ती म्हणायची, "डोळ्यात पाणी असतंय. हुंगून बघ."

आणि मग ती भट्टी आली.

ती भट्टी भिवराच्या लेकीच्या लग्नाची होती. तिच्यातून लुगडी यायची होती, तांदूळ यायचे होते, वाजंत्री यायची होती. भोकं बुजवून पाच दिवस झाले होते. भिवरा ओढ्यावर होती. सकवारनं भट्टीवर तळवा ठेवला, आणि तो तिला गार लागला. कान लावला, आत काही कुरकुरलं नाही.

"आक्का, गार झाली गं!" ती ओरडली.

"आणिक एक दिस जाऊ दे!" ओढ्यावरून आवाज आला.

पण सकवारला वाटलं, आक्का वर येईपर्यंत आपण भट्टी उघडून ठेवावी. चकाकणारे लांब लांब कोळसे ओळीनं मांडून ठेवावेत. आक्का येईल, बघेल, आणि तिचा चेहरा कसा होईल! एवढंच तिच्या मनात होतं. तिनं खोऱ्यानं मातीचा एक पापुद्रा काढला. भट्टीनं आत एक श्वास घेतला. तो श्वास सकवारनं ऐकला, असं म्हणतात. मग जे पेटलं ते पुरुषभर उंच. भिवरा भरलेली घागर घेऊन धावत वर आली, पण एका घागरीनं काय होणार होतं? संध्याकाळपर्यंत लेकीच्या लग्नाची राख झाली होती.

ते ठरलेलं लग्न मोडलं. पुढे ती मुलगी पाच डोंगर ओलांडून लांब दिली गेली आणि दोन दोन वर्षं माहेरी येईना. भिवरानं धाकट्या जावेला एक शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. राखेजवळ उभी राहून ती फक्त म्हणाली, "आजपासनं तुझ्या हाकंला ओ दिली, तर माझी जीभ झडंल."

दुसऱ्या दिवशी तिनं घळीपलीकडच्या माळावर वेगळं खोपट घातलं. भाऊ भाऊ बोलत होते, बैल एकाच गोठ्यात होते, पावसाळ्यात गावात उतरल्यावर घरंही समोरासमोर होती. अबोला तेवढा दोघी जावांचा. लोकांनी आधी समजूत घातली, मग चेष्टा केली, मग सोडून दिलं. सकवारनं मात्र रोजची हाक सोडली नाही. पाठ तर पाठ.

आता त्या सकाळकडे येते.

त्या साली थंडी अशी पडली होती की दगडांवरचं दंव पांढरं व्हायचं. वारा तर डोंगर सोडूनच गेला होता. पान हलत नव्हतं. दोघींचे नवरे बैलांवर कोळसा लादून खालच्या बाजाराला गेले होते, चार दिवस येणार नव्हते. दोन्ही माळांवर दोन भट्ट्या पेटलेल्या, आणि एकेका भट्टीवर एकेक बाई. अशा वेळी दोघींनी एकत्र राहावं, एकीनं झोपावं, एकीनं जागावं, ही जुनी रीत. पण निघताना थोरला विचारायला गेला तर भिवरा म्हणाली, "मला कुणाची सोबत नगं." आणि हे ऐकून सकवारही म्हणाली, "मग मलाबी नगं."

सकवारनं दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. डोंगरानं हाक परत केली, बाकी काही नाही.

आणि इथेच सगळं अडलं होतं. ओ आली नाही म्हणून घाबरायचं तरी कसं? सात वर्षं ती येतच नव्हती. दुसऱ्या कुणाची ओ नसती आली तर सकवार केव्हाच धावली असती. पण भिवराचं गप्प असणं इतकं नेहमीचं होतं, की आजचं गप्प वेगळं आहे हे कशावरून ओळखावं? पाण्याला गेली असेल, सकवार मनाशी म्हणाली. मी भट्टीकडे बघत होते तेव्हा येऊन पाठ फिरवून गेली असेल. आज जास्त रागावली असेल. आपलंच मन आपल्याला सतरा कारणं देतं, आणि प्रत्येक कारण खरं वाटतं.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. भिवराच्या भट्टीच्या कुशीला भेग पडली होती आणि तिथून धुराचा लोट निघत होता. भिवराच्या भट्टीला भेग पडावी आणि मातीचा लपका घेऊन ती तिथे नसावी, हे कधी झालं नव्हतं. सकवार दोन पावलं पुढे गेली. आणि थांबली. मागे एकदा अशीच ती मदतीला गेली होती, तर भिवरानं तिच्यादेखत वाटेवर बोराटीची काटेरी फांदी आणून टाकली होती. शिवाय सकवारची स्वतःची भट्टी आता पिवळ्यावरून निळ्यावर यायला आली होती. हे तास-दोन तास म्हणजे सगळं वर्ष.

तेवढ्यात घळीतून बिरू धनगर वर आला. म्हातारा माणूस, दोन्ही माळांवरून शेळ्या फिरवायचा.

"नाना," सकवारनं विचारलं, "पल्याडच्या माळावरनं आलासा न्हवं?"

"आलो की."

"आक्का दिसली?"

"झाप लावल्यालं हाय. आत आसंल."

"हाक न्हाई मारली?"

"म्या?" बिरूनं दोन्ही कानांना हात लावले. "मागं तुझा निरोप सांगाय गेलो, तर माझ्या शेळीच्या पाठीत दगूड घातला तिनं. तुम्ही जावा-जावा भांडा, मधी माझी शेळी मरायची."

"चुलीचा धूर व्हता का?"

"न्हाई बा. चूल थंडच दिसली. पर ही बांडी बघ, लई लबाड." त्यानं एका शेळीला काठीनं ढोसलं. "झापाला आंग लावून हुबी. हलंचना. उबेला गं! काठी घातली तवा निघाली."

सकवारच्या हातातलं खोरं गळून पडलं.

धनगराला जे कळलं नाही ते लोणाऱ्याच्या सुनेला एका वाक्यात कळलं. खोपटाला धूर नाही आणि खोपटाला ऊब आहे. म्हणजे आत कोळसा पेटलाय. आणि झाप, म्हणजे दाराचं कुडाचं झाकण, बंद आहे. लाकडाचा धूर निदान डोळ्यांना चावतो, खोकला आणतो, माणसाला हुसकून बाहेर काढतो. कोळशाचा विस्तव चावत नाही. तो लाल, शांत, देखणा असतो, आणि बंद जागेत माणसाला थोपटत थोपटत झोपवतो. त्या झोपेतून माणसं उठत नाहीत.

ती धावली.

"अगं ए!" बिरू मागून ओरडला. "तुझी भट्टी निळी झालीया! भोकं कोण बुजवनार?"

"तू बुजीव!"

"मला काय कळतंय त्यातलं? म्या शेळ्या राखतो!"

"मग जळू दे!"

ती घळ उतरून पलीकडे चढायला धट्ट्याकट्ट्या माणसाला दोन चिलमी ओढून होतील एवढा वेळ लागतो. सकवार तीन श्वासांत गेली. असं म्हणतात, पहिला श्वास तिनं आपल्या माळावर घेतला, दुसरा घळीच्या तळाशी आणि तिसरा भिवराच्या दारात. मधल्या कातळावर तिचा पाय उमटला, तो अजून दाखवतात. टाच नाही, नुसती पाच बोटं. धावणाऱ्याची टाच टेकत नाही.

झाप आतून बांधलेलं होतं, बिबट्याच्या भीतीनं सगळेच बांधत. सकवारनं ते दोनदा ओढलं आणि मग सरळ कुडाला हात घातला. कारवीच्या काठ्या, त्यावर सारवलेलं शेण, वर्षभर वाळून दगड झालेलं. तिनं ते नखांनी फाडलं. आतून ऊब बाहेर आली. वास नाही, धूर नाही, नुसती ऊब. आणि कोपऱ्यात खापरात निखारे, इतके सुंदर, की क्षणभर तिची नजर त्यांच्यावरच खिळली.

शेजारी वाकळ पांघरून भिवरा पडली होती. तिच्या अंगात ताप होता, हिव भरलं होतं. बंद खोपटात कोळसा घेऊन झोपू नये हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? तिनंच ते निम्म्या गावाला शिकवलं होतं. पण हुडहुडी भरलेलं माणूस म्हणतं, थोडाच वेळ. जवळ दुसरं माणूस असतं तर ते म्हणालं असतं, आक्का, झाप उघड. जवळ कुणी नव्हतं.

सकवारनं तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं, उघड्या माळावर, उन्हात. भिवराचे गाल पांढरे पडले नव्हते. लाल होते, नव्या नवरीसारखे. ते बघून सकवारला जास्त भीती वाटली.

"आक्का," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "आक्का!" मग तिनं सूप घेतलं आणि तोंडावर वारा घालायला लागली, कारण डोंगरावर वाराच नव्हता. एका हातानं सूप आणि तोंडानं हाक.

बिरू शेळ्यांसकट धापा टाकत आला. त्यानं भिवराच्या नाकाशी बोट धरलं, बराच वेळ धरलं, आणि टोपी काढली.

"सकवार, पोरी. गेली गं ती. पुरं कर."

"गप ऱ्हा, नाना," सूप न थांबवता सकवार म्हणाली. "ती ओ देत न्हाई, एवढंच. तिला सवय हाय."

म्हाताऱ्याची नजर घळीपलीकडे गेली. तिथे सकवारची भट्टी पेटली होती. आधी एका भोकातून जीभ निघाली, मग दुसऱ्या, आणि मग सगळा मातीचा डोंगर उकलून ज्वाळा वर गेली.

"तुझी भट्टी..." तो म्हणाला.

सकवारनं मान वळवली नाही. असं म्हणतात, तिच्या पाठीवर त्या जाळाचा उजेड पडला होता, तरी तिनं मान वळवली नाही.

ती हाका मारत राहिली. "आक्का! ए आक्का! आक्कासाब!" डोंगर तिच्यामागून हाक मारायला लागला. मग पलीकडचा डोंगर. मग तिसरा. आक्का, आक्का, आक्का, अशी ती हाक दरीदरीनं खाली गेली, बाजाराच्या वाटेवरचे बैल उभे राहिले आणि त्यांचे कान मागे वळले, आणि दोघे भाऊ काही न कळता माघारी फिरले. कुणी म्हणतं, पाच डोंगरांपलीकडे एका घरात भाकरी थापणाऱ्या मुलीचे हात थांबले आणि ती उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. कुणी म्हणतं, डोंगर सोडून गेलेला वारा ती हाक ऐकूनच परत आला. आधी गवताचं एक पातं हललं, मग धावड्याची पानं, आणि मग माळावरून थंड, मोकळी झुळूक भिवराच्या तोंडावरून गेली. तेव्हा कुठे सकवारनं हातातलं सूप खाली ठेवलं.

तरी ओ नाही.

मग तिनं सगळं बोलून घेतलं. "आक्का, भट्टी म्या उघडली. तू नगं म्हनली हुतीस. म्या ऐकलं न्हाई. तुझ्या लेकीचं लगीन म्या मोडलं. मला वाटलं हुतं, तू बघशील आन् हसशील." सात वर्षं हे शब्द घळीच्या अलीकडे पडून होते. आता ते बोलले गेले, आणि ज्याच्यासाठी होते ते माणूस डोळे मिटून पडलं होतं.

सूर्य कलला. सकवारचा आवाज फुटला. आधी चिरका झाला, मग घोगरा, मग नुसता खरखर. हाक पुढे जाईना. बिरू एव्हाना बसून राहिला होता आणि शेळ्या त्याच्याभोवती गोळा झाल्या होत्या. आणि तेव्हा, असं म्हणतात, सकवारला राग आला. कधीच आला नव्हता तो. सात वर्षं अपराधी होती ना ती, राग धरायचा कुठून? पण आता आला. ही बाई मरतानासुद्धा आपलंच खरं करणार!

ती उठून उभी राहिली. तिनं पदर खोचला. आणि जे त्या काळी कुठल्या धाकट्या सुनेनं स्वप्नातही केलं नसतं ते तिनं केलं. थोरल्या जावेला तिनं नुसत्या नावानं हाक मारली. ना आक्का, ना बाई.

"भिवरेऽऽ!"

बिरूनं घाबरून तोंडावर हात ठेवला.

"ए भिवरे! खडूस! शेळीला दगूड मारनारे! ओ दे की गं!"

इथे आमच्याकडचे सांगणारे नेहमी थांबतात. पाणी पितात. आणि ऐकणाऱ्यांचा जीव खालीवर होत असताना आधी बाकीचं सगळं सांगून टाकतात, म्हणून मीही तसंच सांगते.

तो आवाज सकवारला परत मिळाला नाही. पुढे ती फार वर्षं जगली, पण कुजबुजल्यासारखी बोलायची. आवाज त्या माळावरच राहिला, असं म्हणतात. आजही तिथे उभं राहून कुणाला हाक मारली तर ती दोनदा परत येते, एकदा आपली आणि एकदा किंचित घोगरी. पहिल्यांदा ऐकलं की अंगावर काटा येतो. मग बरं वाटतं.

आता भट्ट्या थोड्या उरल्यात. पण ज्या लागतात त्यांना विस्तव घालायच्या आधी माळावरची सगळ्यांत धाकटी बाई सगळ्यांत थोरलीला नुसत्या नावानं हाक मारते. सासू असली तरी नावानं. तेवढ्या वेळेपुरतंच चालतं, म्हणून पोरीबाळी हसू दाबत उभ्या असतात. आणि थोरलीला ओ द्यावीच लागते. ती ओ आल्याशिवाय विस्तव पडत नाही. एका साली एका म्हातारीनं नाक मुरडून तोंड मिटून घेतलं, तर तीन दिवस रचलेली भट्टी तशीच उभी राहिली, आणि चौथ्या दिवशी नातवंडांनी पाय धरल्यावर म्हातारी कशीबशी "ओ" म्हणाली.

गावातही अशीच एक रीत आहे. थंडीत कुणी शेगडी घरात घेतली, तर शेजारीण निजायच्या आधी बाहेरून ओरडते, "सकवारच्या नावानं, ओ द्या गं!" आतल्यांची ओ ऐकूनच ती आपल्या घरात जाते. कितीही भांडण असो, त्या हाकेला गप्प राहायचं नाही. आणि दोन घरांत अबोला फारच लांबला, तर एकानं दुसऱ्याच्या उंबऱ्यावर एक कोळसा ठेवून यायचं. विझलेला, गार, पुरता गार झालेला. माफी मागायची नाही, मध्यस्थ घालायचा नाही. समोरच्यानं तो उचलून आत नेला की दुसऱ्या दिवशी बोलणं सुरू. नेतातच. कुणी त्याच दिवशी, कुणी आठवडा घेतं, पण उंबऱ्यावर कोळसा पडून राहिलेला उंबरदऱ्यात कुणी पाहिलेला नाही.

हे सगळं पुढचं. त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. कललेलं ऊन होतं, एक म्हातारा आणि त्याच्या शेळ्या होत्या, आणि एक बाई फुटक्या आवाजात नाव घेऊन शिव्या घालत होती.

"भिवरे!" ती म्हणाली. हाक कसली, नुसता वारा निघाला घशातून. "भिवरे गं..."

भिवराच्या पापणीवर काहीतरी हललं. बिरूला वाटलं, माशी बसली. मग कपाळावर आठी पडली, ती सात वर्षं सगळ्या डोंगरानं पाहिलेली आठी. ओठ सुटले. छातीतून एक लांब, घरघरता श्वास बाहेर आला, आणि त्याच्या शेपटाला धरून आवाज आला, बारीक, पण चांगला रागावलेला.

"ओ," भिवरा म्हणाली. "ओ! थोरल्या जावंला नावानं हाक मारतीस व्हय गं, भवाने?"